संपातला मीटलोफ

माझा भाऊ डेलमर मंगळवारी गेला. बुधवारी सकाळी पाद्री लिंडालनी फोन करून मला विचारलं की, दफनानंतरच्या जेवणासाठी सुपरमार्केटातून सँडविचचे ट्रे मागवले तर चालतील का, तेवढाच चर्चच्या मंडळातल्या बायकांना त्रास कमी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाद्रीला आमच्या गावात येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, माणूस वाईट नाही, पण ही कल्पना त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती हे मला लगेच कळलं. कुणीतरी त्याच्या कानात फुंकलं होतं.

मी म्हटलं, "पाद्रीबाबा, या चर्चच्या तळघरात मयताच्या जेवणाला आजवर बाहेरचं खाणं आलेलं नाही. माझ्या भावाच्या वेळी येणार नाही."

आमच्याकडे चर्चचा सभासद गेला की त्याला पुरून आल्यावर सगळे तळघरातल्या सभागृहात जेवतात. जेवण ठरलेलं. मीटलोफ, म्हणजे पावासारखा लांबट थापून भाजलेला खिमा, कुस्करलेले बटाटे, फरसबी, पाव-लोणी आणि कॉफी. बँकेच्या मॅनेजरला हेच, आणि जन्मभर दारू पिऊन गटारात पडलेल्यालाही हेच. ऑर्व्हिल स्टेनने विम्यासाठी स्वतःचं गोठाघर जाळलं होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यालाही हेच जेवण मिळालं, आणि लोकांनी मागून मागून खाल्लं. बावीस वर्षं ते स्वयंपाकघर मी चालवलं. मेलेल्या माणसाने काय केलं होतं असं मी एकदाही विचारलं नाही. मी विचारत असे, किती माणसं येतील?

पण डेलमरने संप फोडला होता.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिनेसोटाच्या दक्षिणेला, मक्याच्या शेतांच्या मधोमध आमचं गाव, आणि गावाला एकच मोठा उद्योग, मांसाचा कारखाना. एका टोकाने गुरं-डुकरं आत जायची, दुसऱ्या टोकाने डबे बाहेर पडायचे. माझा बाप तिथे होता, भाऊ तिथे, नवरा मर्ल तिथे. त्या वर्षी मालकांनी पगार चौथ्या हिश्शाने कापला आणि वर सांगितलं की, जमत नसेल तर दार उघडं आहे. सगळेच्या सगळे बाहेर पडले. उन्हाळ्यात पडले तेव्हा वाटलं होतं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. हिवाळा आला, बर्फ पडलं, तळी गोठली, तरी बाहेरच.

जन्मभर मांस कापलेली माणसं, आणि त्यांच्या घरात मांसाचा तुकडा नाही. युनियनच्या हॉलमध्ये आम्ही बायकांनी स्वयंपाकघर उघडलं. लाव्हॉन होती, डेलमरची बायको आर्लिस होती, हिल्मा होती, मी होते. शेजारच्या जिल्ह्यातला एक खाटीक हाडांना चिकटलेलं, छाटून उरलेलं काय असेल ते आम्हाला पाठवून द्यायचा. त्याचा खिमा काढून आम्ही मीटलोफ करायचो. मांस एक वाटा, आणि शिळा पाव नि ओट्स मिळून तीन वाटे. दूध नाही, म्हणून पाव पाण्यात भिजवायचा. अंडं असलं तर असलं. कांदा मात्र भरपूर, कारण एका शेतकऱ्याने पोती आणून टाकली होती. मीटलोफ शिजला की करडा दिसायचा आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा हातात तुटायचा. पोरं त्याला नावं ठेवायची आणि ताट चाटून पुसून द्यायची.

मागे शहरातून एक मासिकवाली बाई आली होती, घरगुती पदार्थांवर लिहिणारी. आमच्या मंडळाच्या मीटलोफबद्दल तिने छापलं की, हा पदार्थ म्हणजे आईच्या मायेची ऊब. डोंबलाची ऊब. मीटलोफ मायेतून आलेला नाही, तो कमी पडण्यातून आलेला आहे. माझी पणजी जर्मनीतून आली तेव्हा डुक्कर कापलं की चांगले भाग विकायला जायचे. उरलेलं डोकं नि चरबीचे तुकडे पिठात शिजवायचे, साच्यात थिजवायचे आणि काप काढून तळायचे. मग टेबलाच्या कडेला घट्ट करायचं ते हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र आलं. मानेचं, नळीचं, दातांनी तुटत नाही असलं मांस त्याच्यामुळे गरिबाला चावता यायला लागलं. मंदीच्या काळात माझी आई खिम्यात इतके ओट्स घालायची की बाप विचारायचा, जेवण माझं आहे की घोड्याचं? युद्धात मांस शिधापत्रिकेवर आलं तेव्हाही तेच. पुढे युद्ध संपलं, कारखान्यात पगार बरे झाले, मांस हवं तेवढं मिळायला लागलं, आणि तरी आमच्या बायकांचा पाव भिजवायचा हात काही सुटला नाही. फक्त पाव कमी झाला आणि वरून टोमॅटोच्या सॉसचा गोड थर आला. मीटलोफ कापला की त्या घरात ते वर्ष कसं चाललंय ते दिसतं. मांस किती आणि पाव किती, बस. हे त्या बाईला मी सांगितलं होतं. तिने ते छापलं नाही.

आता डेलमर. त्याचा मुलगा रँडल तेव्हा शाळेत होता, त्याला साखरेचा आजार, रोज इंजेक्शन लागायचं. संपात औषधांचा खर्च भागवणारा कारखान्याचा विमा बंद झाला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी डेलमरने ट्रक काढला आणि फाटकातून सरळ आत नेला. फाटकावर उभ्या असलेल्यांत माझा मर्ल होता. त्याने घरी येऊन हातमोजेसुद्धा न काढता मला सांगितलं. मी तशीच डेलमरच्या घरी गेले आणि त्याला पायरीवर उभं करून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात, तोंडाला येईल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "माझ्या जागी तू असतीस तर?"

"उपाशी राहिले असते," मी म्हटलं.

"मी पण राहिलो असतो गं. तो कसा राहील?"

मी पाठ फिरवून घरी आले, आणि माझा राग आणखीच वाढला. अजूनही तो पुरता गेलेला नाही. पण भाऊ तो भाऊ. वर्षभराने मी त्याला रविवारी कॉफीला बोलवायला लागले. मर्ल तेवढा वेळ गॅरेजमध्ये काहीबाही ठोकत बसायचा.

संप बुडाला. फाटकातून आत गेलेल्यांच्या जिवावर कारखाना चालू झाला, आणि बाहेर राहिलेल्यांतले निम्मे परत घेतलेच नाहीत. संप फोडणारे एकेक करून गाव तरी सोडून गेले, नाहीतर त्यांनी चर्च तरी बदललं. डेलमरने दोन्ही सोडलं नाही. दर रविवारी तो, आर्लिस आणि रँडल त्याच बाकावर बसायचे, आणि त्यांच्या पुढचा बाक रिकामा, मागचाही रिकामा. अठरा वर्षं. आर्लिसला मंडळातून कुणी काढलं नाही. फक्त पुढच्या बैठकीचा दिवस तिला कुणी कळवला नाही. रँडल दवाखान्यात होता तेव्हा त्यांच्या दाराशी कुणी झाकलेलं भांडं आणून ठेवलं नाही. आमच्याकडे माणूस आजारी पडला की तासाभरात दारात तीन भांडी येतात, ज्यांचं तोंड बघवत नाही त्यांच्याकडूनसुद्धा येतात. डेलमरच्या दारात एकही आलं नाही. माझं आलं, पण मी बहीण, मला कोण मोजतं.

म्हणून पाद्रीचा फोन ठेवला आणि मी लाव्हॉनला लावला. तिलाच लावणं भाग होतं. मयताच्या घरच्यांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, बसायचं आणि वाढलेलं खायचं, हा आमचा जुना नियम. बावीस वर्षांत पहिल्यांदाच घरची मंडळी म्हणजे मी होते. माझ्यानंतर सगळं बघायचं ते लाव्हॉनने.

लाव्हॉनचा नवरा गेलॉर्ड परत न घेतलेल्यांपैकी एक. घर गेलं. तो नेब्रास्कातल्या एका कारखान्यात लागला, आठवडाभर तिकडे भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहायचा आणि शनिवार-रविवार इकडे यायचा. एका रविवारी परत जाताना बर्फाळ रस्त्यावरून गाडी घसरली. त्याच्या मयताच्या जेवणाचा मीटलोफ मीच कापला होता. हे सगळं माहीत असूनही मी तिला फोन केला, आणि मनाची पूर्ण तयारी केली होती की ती नाही म्हणाली तर पन्नास माणसांचं एकटी करेन, चर्चची खिडकी फोडून आत शिरावं लागलं तरी.

ती म्हणाली, "सभासद होता ना तो?"

"होता."

"मग जेवण होईल. नियम म्हणजे नियम. तू मात्र आत यायचं नाहीस, कॉरीन. वाढलेलं खायचं."

फोन ठेवल्यावर मी ओट्याला धरून रडले. मला वाटलं, राग धरून बसायला अठरा वर्षं म्हणजे बायकांनासुद्धा फार झाली. मी आर्लिसला जाऊन सांगितलं. ती डेलमरच्या सुटाला ब्रश मारत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बघू."

आमच्या मंडळाच्या मीटलोफची रीत अशी. दोन वाटे गाईचा खिमा, एक वाटा डुकराचा, कारण नुसत्या गाईचा कोरडा होतो. कालच्या पावाचे दोन-तीन काप दुधात भिजवून पिळायचे. कांदा किसून घालायचा, चिरून नाही. अंडी, मीठ, मिरी, चिमूटभर सेजचा वासाचा सुका पाला. मग बोटांनी हलकेच कालवायचं. कणकेसारखं मळलं की तो चिवट झालाच म्हणून समजा, नव्या सुना हीच चूक करतात. साच्यात न घालता हातानेच लांबट आकार द्यायचा, वरून टोमॅटो सॉस, मोहरी आणि काळी साखर यांचा थर, आणि तासभर ओव्हनमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच सुरी लावायची नाही, रस आत जिरू द्यायचा. प्रत्येकीने आपापल्या घरी दोन करून आणायचे, सगळ्यांनी एकसारख्या पत्र्याच्या ट्रेमध्ये, ट्रेवर नाव घालायचं नाही. कुणाचा संपला आणि कुणाचा उरला यावरून आमच्या आयांच्या पिढीत इतकी भांडणं झाली, दोघी तर मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत, म्हणून ही बंदी. आमच्या चर्चमध्ये मीटलोफ कुणाचाच नसतो. तो मंडळाचा असतो.

शनिवारी डेलमरला पुरलं. एप्रिलचा वारा, पायाखाली चिखल, आणि माणसं पन्नास नाही, शंभराच्या घरात. मी आधी भाबडेपणाने सुखावले. मग दिसलं की संपातले कितीतरी जुने चेहरे आलेले आहेत. अठरा वर्षांत त्याला रस्त्यात कुणी ओळख दिली नव्हती आणि आज त्याच्या खड्ड्यात वाकून बघायला सगळे हजर. मर्लने माझा दंड धरून ठेवला होता, नाहीतर मी तिथेच एकेकाला विचारलं असतं की बाबा, तुझं इथे काय काम.

तळघरात उतरलो तर वास नेहमीचाच. कॉफी, कांदा, भाजलेल्या सॉसचा गोडसर वास. घरच्यांचं टेबल मधोमध असतं. आर्लिस, रँडल आणि त्याची बायको, मी आणि मर्ल बसलो. पाद्रींनी प्रार्थना म्हटली. हिल्माने माझ्यासमोर ताट ठेवलं. हिल्मा ऐंशीच्या पुढची, जन्मात कधी खोटं बोललेली नाही, आणि ताट ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

वरचा थर लाल, चकचकीत, जसा असायला हवा तसा. मी काटा लावला. काप उभा चिरला जायच्या ऐवजी मऊ गोळा होऊन बसला. आतून करडा. ओट्सचा वाफाळता वास आणि कांदाच कांदा.

तो वास मी अंधारातसुद्धा ओळखेन. मर्लने एक घास तोंडात घातला होता, त्याचं चावणं मध्येच थांबलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अठरा वर्षांत हा पदार्थ आमच्या घरात झाला नव्हता, गावातल्या कुणाच्याच घरात झाला नसेल.

मला वाटलं, एखादीने केलं असेल, लाव्हॉननेच. मी कॉफी आणायच्या निमित्ताने उठले आणि टेबलांमधून फिरत प्रत्येकाच्या ताटात डोकावत गेले. सगळीकडे तेच. आम्ही आठ जणी, मला सोडून सात, प्रत्येकीचे दोन लोफ, आणि त्यातला एकसुद्धा नीट नाही. सगळ्यांनी मिळून ठरवून केलं होतं. तरुण पोरं काही न कळून वर मीठ भुरभुरत खात होती. तिशीच्या वरची माणसं काटा खाली ठेवून टेबलक्लॉथकडे बघत बसली होती. त्यांना कळलं होतं. त्यांना कळावं म्हणूनच तर केलं होतं. डेलमरला जेवण मिळालं होतं, आणि त्या जेवणाने सगळ्या गावादेखत त्याच्या तोंडावर थुंकलं होतं.

नियम गेला चुलीत. मी स्वयंपाकघराचं दार ढकललं.

सहा जणी भिंतीला लागून उभ्या. लाव्हॉन सिंकपाशी, हाताची घडी घालून, माझी वाटच बघत असल्यासारखी. मी दार लावून घेतलं, कारण मला जे बोलायचं होतं ते पाद्रीच्या कानावर जाऊ नये एवढी अक्कल शिल्लक होती.

मी तिला विचारलं, लाज नाही वाटली का. मेलेल्या माणसावर कसला सूड, तो काय उठून खाणार आहे? खाणार त्याची बायको आणि त्याचा पोर. सूडच घ्यायचा होता तर नाही म्हणायचं होतं, मी माझं केलं असतं, पण हो म्हणून असं ताट वाढायचं, हा नीचपणा कुणी शिकवला?

लाव्हॉनचा आवाज अजिबात चढला नाही. तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तू जेवण मागितलंस," ती म्हणाली. "हेच जेवण तो आमच्या ताटात ठेवून गेला होता. आम्ही हे खात होतो तेव्हा तो आत मांस कापत होता. एक दिवस त्यानेही खायला नको?"

"त्याचं पोर आजारी होतं."

"सगळ्यांच्याच घरी काहीतरी होतं, कॉरीन. माझ्या घरी नव्हतं? तुझ्या भावासारखे पाच-पन्नास आत गेले नसते तर गेलॉर्ड त्या रस्त्यावर गेला असता का? तू सांग. तू त्याची बहीण म्हणून नको, त्या फाटकावर उभी राहिलेली बाई म्हणून सांग."

ती म्हणत होती ते खरं होतं, आणि खरं असून ती जे करत होती ते घाण होतं. हातात काही असतं तर मी फेकलं असतं. भिंतीपाशी हिल्मा हळूच रडायला लागली, आणि कुणीतरी तिला गप्प बस म्हणून दटावलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि आर्लिस आत आली. हातात तिचं ताट, त्यात अर्धा खाल्लेला काप. मयताची बायको त्या दिवशी स्वयंपाकघरात आलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. सगळ्या जागच्या जागी थिजल्या. मला आधी वाटलं की तिला कळलेलंच नाही, आता ती आभार मानणार, आणि या सगळ्या जणी ते उभ्याने ऐकून घेणार. तसं झालं असतं तर मीच लाव्हॉनच्या झिंज्या उपटल्या असत्या.

आर्लिसने ताट ओट्यावर ठेवलं. "पाव कुणी भिजवला?" तिने विचारलं.

तिने बोटाने काप दाबून पाहिला.

"नीट पिळलेला नाही. म्हणून पचपचीत झालाय. संपात हॉलमध्ये पाव मीच भिजवायचे, तुमच्या लक्षात असेल. फेब्रुवारीपर्यंत रोज. थंड पाण्यात हात घालून घालून माझी नखं फुटली होती. मला चव कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?"

लाव्हॉनने हाताची घडी सोडली. ती म्हणाली, "कळावं म्हणूनच केलंय."

"कळलं," आर्लिस म्हणाली. "आता मला एक सांग, लाव्हॉन. काल तू घरी हा करायला बसलीस तेव्हा फ्रीजमध्ये मांस होतं की नव्हतं?"

लाव्हॉनने नजर सिंककडे वळवली.

"होतं. तुम्हा सगळ्यांकडे होतं. आपण हा करायचो तेव्हा नव्हतं. पोरांची पोटं भरावीत म्हणून करायचो. तू बशीतला शेवटचा तुकडा माझ्या रँडलला दिला होतास, मी विसरलेली नाही. त्या हिवाळ्यात आपल्या हातून एकच चांगली गोष्ट झाली, ती ही. आणि काल तुम्ही भरल्या घरात बसून, हातात मांस असताना त्यात मुद्दाम ओट्स कालवलेत. त्याने संप फोडला. फोडलाच. मी नाही म्हणत नाही, तोही कधी नाही म्हणाला नाही. पण त्या जेवणाचं हे असं कुणी केलं? त्याने नाही केलं."

एवढं बोलून तिने ताट उचललं आणि बाहेर गेली. ओरडली नाही, दार आपटलं नाही. मी तिच्या मागोमाग जाऊन शेजारी बसले. रागाने माझे कान तापले होते, आणि आता तो राग नक्की कुणावर आहे तेही मला कळेना. लाव्हॉनवर होता. डेलमरवर होता, ट्रक काढला त्याबद्दल आणि मेला त्याबद्दलही. सगळ्यात जास्त त्या लोकांवर, ज्यांनी वर बसून चौथा हिस्सा कापला. त्यांच्यातल्या कुणालाच ही ताटं आम्ही कधी वाढली नाहीत. त्यांची नावंसुद्धा आमच्यातल्या अर्ध्यांना ठाऊक नाहीत. अठरा वर्षं आम्ही एकमेकांनाच खात होतो.

आर्लिस जेवायला लागली. सावकाश, एकेक घास. आमच्याकडे घरची मंडळी उठल्याशिवाय कुणी टेबल सोडत नाही. नेहमी ती पटकन उठते, चार घास चिवडून, कारण त्या दिवशी खायची वासना कुणाला असते. आर्लिस उठेना. तिने काप संपवला, ताटातला चुरा पावाने पुसून घेतला. शंभर माणसं बसून होती. कुणाच्या ताटात काप तसाच पडलेला, कॉफी निवलेली, आणि उठायची सोय नाही. काही जण बायकोने मारलेल्या कोपराने परत काटा उचलून खायला लागले. पाद्री लिंडाल इकडेतिकडे बघत होते, त्यांना काही उलगडा होत नव्हता. मर्लनेही खाल्लं. मीही खाल्लं. अठरा वर्षांनी ती चव जिभेवर आली तेव्हा मला पहिल्यांदा भूक आठवली, दुसरं काहीच नाही.

मग आर्लिसने रिकामं ताट उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे धरलं. दारात लाव्हॉन उभी होती. घरच्यांनी मागितलं तर वाढावं लागतं. ती आत गेली, नवा काप घेऊन आली आणि ताट आर्लिससमोर ठेवलं.

"तू जेवलीस का?" आर्लिसने विचारलं.

"आम्ही शेवटी खातो."

"बस इथे."

डेलमरची म्हणून एक खुर्ची त्या टेबलाशी रिकामी ठेवलेली होती. लाव्हॉनने तिच्याकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं, आणि बसली. बसली नसती तर सगळ्यांना दिसलं असतं की ती स्वतः केलेलं खायला तयार नाही. आर्लिसने काट्याने कापाचा तुकडा मोडला आणि काटा तिच्या हातात दिला. लाव्हॉनने तो तोंडात घातला. दोनदा चावला, आणि तिचा जबडा थांबला. डोळे भरून आले, नाक लाल झालं. संपात गेलॉर्डला ती फाटकावर हेच द्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिने रुमालाला हात घातला.

"गिळ," आर्लिस म्हणाली. "आपण गिळायचो."

लाव्हॉनने गिळलं. आर्लिसने ताट तिच्यापुढे सरकवलं.

"अजून आहे," ती म्हणाली, आणि ती जागची हलली नाही, म्हणून दुसरंही कुणी हललं नाही.